तुझ्या यानाबद्दल माझी तक्रार

सुजाता,

काल तुझ्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमात शेजारचे विल्सनराव बोलायला उभे राहिले, तेव्हाच मी ओळखलं की आता हा माणूस सगळी सभा खिशात घालणार. त्यांच्याआधी तुझ्या शाळेतल्या दोघी शिक्षिका बोलल्या, माझा चुलतभाऊ बोलला. सगळ्यांनी तुला शांत म्हटलं, मनमिळाऊ म्हटलं, कर्तव्यदक्ष म्हटलं. तू शांत आहेस हे इतक्या वर्षांच्या संसारात मला कुणी कळवलं नव्हतं. मी मान खाली घालून ऐकत होतो, कारण अशा वेळी नवऱ्यानं हसायचं नसतं.

मग विल्सनराव उठले. अंगात रविवारी चर्चला घालतात तो इस्त्रीचा पांढरा शर्ट, हातात चष्मा. तुझ्या फोटोकडे एकदा बघितलं आणि म्हणाले, "बाईंचं एक यान हाय वर. ते अजून पोचायचंय." झालं, मग सांगतच सुटले. एक यंत्र एका दगडाकडे निघालंय, त्यात माणूस नाही, ते त्या दगडाला हात लावून मूठभर माती उचलणार आणि इतक्या लांबून परत पृथ्वीवर आणून टाकणार, आणि आमच्या शेजारच्या बाई नाकात ऑक्सिजनची नळी घालून रोज त्याची वाट बघायच्या. बायकांनी डोळ्यांना पदर लावले. भंतेजींनीसुद्धा कार्यक्रम संपल्यावर त्यांना बाजूला घेऊन विचारलं की ते आता नेमकं कुठं आहे. मला कुणी काही विचारलं नाही. मी पहिल्या रांगेत बसलो होतो, तुझा नवरा म्हणून.

मीही उठून बोलू शकलो असतो. पण काय बोलणार होतो? की मला त्या यानाचं तोंड बघवत नव्हतं? लोक म्हणाले असते, दुःखानं भ्रमिष्ट झालाय. म्हणून आज दुपारी घर रिकामं झाल्यावर हे लिहायला बसलोय. तुझ्याशी बोलायचंय ते गोड नाही, आधीच सांगतो.

माझी मुख्य तक्रार हॉस्पिटलातली आहे. मास्क बाजूला करून तू विल्सनरावांना म्हणालीस, "यान पोचलं की मला सांगा. मी असले-नसले तरी सांगा." मी तिथंच होतो, तुझ्या पायांशी, हातात तुझे मोजे घेऊन. एवढं एकच काम तू मागं ठेवून गेलीस आणि ते शेजाऱ्याला दिलंस. मला का नाही? हे तुला विचारायचं होतं, आणि तेव्हा विचारता आलं नाही, कारण तुझा श्वास पुरत नव्हता आणि माझं तोंड उघडत नव्हतं.

हे सगळं सुरू झालं तुझ्या रिटायरमेंटनंतर. मी श्रीगोंद्याची साखर कारखान्याची नोकरी संपवून भिंगारला कायमचा आलो, मनात म्हटलं, आता संध्याकाळी दोघं ओट्यावर बसू. इतकी वर्षं मी शनिवारी यायचो आणि सोमवारी पहाटेच्या एसटीनं जायचो. आपल्या संसाराचे निम्मे दिवस तर रस्त्यातच गेले. पण येऊन बघतो तर ओट्यावरची जागा आधीच भरलेली. विल्सनराव मिलिटरीच्या वर्कशॉपमध्ये फिटर होते, बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, संध्याकाळी मोबाईल घेऊन यायचे आणि तुला कसले कसले व्हिडिओ दाखवायचे. येताना भिंगारच्या बेकरीतली नानकटाई. तू घरात साखरेचा चहा बंद केला होतास, मला डॉक्टरचं नाव सांगून दम द्यायचीस, आणि त्यांची नानकटाई मात्र चहात बुडवून खायचीस. हे मी तेव्हा बोललो नाही. आता बोलतो.

आधी मी समजलो की दोन रिकामटेकडे म्हातारे आहेत, बसू देत. मग तुमचं ते यान आलं. एक दिवस जेवताना तू मला समजावून सांगितलंस. तू म्हणालीस, हा दगड सूर्याभोवती फिरतो, पण पृथ्वीच्या आगेमागेच असतो. बघणाऱ्याला वाटतं आपल्याभोवती घिरट्या घालतोय, पण तो आपल्याला बांधलेला नाही. चंद्र म्हणावा तर चंद्र नाही आणि परका म्हणावा तर सोडून जात नाही. मी म्हटलं, "म्हणजे विल्सनराव." तू भाजीची पळी माझ्यावर उगारलीस. बरं वाटलं मला तेवढं.

आता मला सांग, मी जन्मभर काय केलं? माती गोळा केली. कारखान्याच्या माती परीक्षण विभागात दुसरं काम काय असतं? श्रीगोंदा तालुक्यातल्या उसाच्या वावरांत मी इतके खड्डे घेतले की उंदरांनीसुद्धा मला मान द्यावा. तू मला कधी विचारलं नाहीस, अहो, आज कुठली माती आणलीत. कधीच नाही. शर्टाच्या बाह्या चिखलानं भरल्या की तेवढं बोलायचीस. आणि एक यंत्र, ज्याला आई ना बाप, मूठभर माती आणायला निघालं, तर तू कॅलेंडर बघायला लागलीस. पिकतं तिथं विकत नाही म्हणतात ते खोटं नाही. मला जळायला काही कारण नव्हतं असं तू म्हणायचीस. होतं, सुजाता. एखादा माणूस असता तर मी भांडलो तरी असतो. यंत्राशी काय भांडणार?

तरी भांडलो, तुझ्याशी. तुला आठवतं ना? मी विचारलं, "माती किती ठिकाणची घेणार?"

"एका ठिकाणची. जमलं तर दोन."

"मग कशाला गेले एवढ्या लांब? एका ठिकाणच्या मातीला नमुना म्हणत नाहीत. आमच्याकडे पोरासोरांना हे कळतं."

"तुमच्याकडे तिथं जेवायला घरून डबा नेता येतो," तू म्हणालीस. "तो दगड अर्ध्या तासात स्वतःभोवती गिरकी घेतो. त्याला ओढ अशी नाहीच. जरा जोरात टेकलं तर यान उडून मागं जाईल. आधी नुसतं घिरट्या घालत बघत बसणार, जागा निवडणार, मग हळूच हात लावणार."

"पण ती जागाच वेगळी निघाली तर?"

"निघू दे की. ती जागा काय आहे ते तरी कळेल. तुम्ही सगळं मिसळता आणि मग म्हणता ही अमक्याच्या शेताची माती. शेतात अशी माती कुठंच नसते."

माझा तिळपापड झाला. आयुष्यभराची विद्या तू भाजीच्या देठासारखी मोडून टाकलीस. मी तुला समजावून सांगितलं की नागमोडी चालायचं, ठिकठिकाणी वीतभर खोल खड्डा घ्यायचा, त्याच्या कडेची माती तासायची, घमेल्यात मिसळायची, गोणपाटावर गोल पसरून चार भाग करायचे, समोरासमोरचे दोन ठेवायचे, दोन टाकायचे, पुन्हा मिसळायची, असं करत करत अर्धा किलो उरली की ती सगळ्या शेताच्या वतीनं बोलते. तू म्हणालीस, "बोलते, पण कुणाच्याच आवाजात नाही." आपलं असं सुरू झालं की विल्सनराव चष्मा खिशात घालून निघून जायचे. मला वाटायचं, बरं झालं, गेले.

ते भांडण काही संपलं नाही. दुसऱ्या दिवशी तू कपडे वाळत घालताना मध्येच म्हणायचीस, "आणि दुसरं असं की..." आणि पुन्हा तिथूनच सुरू. कधी मी अंघोळीच्या दारातून उत्तर द्यायचो. मागं एका यानानं असाच नमुना घेतला होता, त्याची गोष्ट तू सांगितलीस, की त्याच्या हातातल्या डब्यात इतके खडे भरले की झाकण लागेना आणि माती बाहेर उडायला लागली. मी म्हटलं, पिशवी तोंडापर्यंत भरली की बांधता येत नाही हे आमच्या गड्याला माहीत असतं. तू खूप हसलीस आणि म्हणालीस, थांबा, हे विल्सनरावांना सांगून येते. माझा विनोदसुद्धा घरात राहिला नाही, कुंपणावरून शेजारी गेला.

मग तुझ्या फुफ्फुसाचं निघालं. घरात ऑक्सिजनचं मशीन आलं, ते दिवसभर कोपऱ्यात धापा टाकायचं. डॉक्टर म्हणाले, बोलणं कमी करा. तू मला खुणेनं सांगायला लागलीस, पाणी, उशी, खिडकी. आणि संध्याकाळी विल्सनराव आले की तुझी वाचा परत यायची. यान कुठं आलं, आता वेग किती कमी केला, दगड कधी दिसेल. तुझ्याकडे श्वास मोजका उरला होता आणि तो तू त्या यानावर उधळत होतीस. मी आत भाकरी थापत ऐकायचो. मला शिकवली होतीस ना तू भाकरी, पलंगावर पडून हातवारे करत. माझी भाकरी चिरायची. बाहेर तुमचं सगळं सुरळीत चाललेलं.

तेव्हाच माझ्या डोक्यात खूळ शिरलं. म्हटलं, माती आणणाऱ्याचं एवढं कौतुक आहे ना, मीही आणतो. आणि आणतो तर तिच्या माहेरची आणतो. तुला सांगितलं की कारखान्यात पेन्शनच्या कागदाचं काम आहे, आणि गाडीत बसलो ते थेट पुणतांब्याला उतरलो. तुझा भाऊ वावरातच होता. मला पिशवी-खुरपं घेऊन बघितल्यावर म्हणाला, "दाजी, ऊस कवाच गेला आमचा. आता मातीत काय बघायचं राहिलं?" मी म्हटलं, तू तुझं काम कर. ऊन चांगलं होतं. गोदावरीकाठची काळी, भुसभुशीत, हातात धरली की सोडवत नाही अशी. मी मनापासून काम केलं. नागमोडी चाललो, खड्डे घेतले, मिसळली, चार भाग केले, टाकली, पुन्हा मिसळली. घरी आणून माडीवर सावलीत वाळवली. कापडी पिशवीत भरली, आत चिठ्ठी घातली, बाहेर चिठ्ठी बांधली. इतका सुबक नमुना मी कारखान्याच्या चेअरमनच्या शेताचा केला नव्हता.

तू पिशवी उघडलीस. नाकाजवळ नेलीस, पण नळीमुळे तुला वास येईना. मग बोटांनी चोळलीस. "कुठली?"

"तुझ्या वावरातली. पुणतांब्याची."

तुझे डोळे भरले. ते मी बघितलं आणि मनात म्हटलं, जिंकलो. मग तू विचारलंस, "चिंचेखालची आहे?"

"छे. झाडाखालची कधी घ्यायची नसते."

"मग विहिरीजवळची?"

"विहिरीजवळचीही नाही. नमुना बिघडतो."

"बांधावरची? त्या बांधावरून मी शाळेत जायचे."

बांधाची तर अजिबातच घेत नाहीत. तू माझ्याकडे बघत राहिलीस आणि मग तुला हसू फुटलं. "अहो, मी काय वावराच्या मधोमध लहानाची मोठी झाले? मी चिंचेखाली अभ्यास केला, विहिरीवर धुणं धुतलं, बांधावर बसून आईची वाट बघितली. तेवढं सगळं वगळून आणलंत तुम्ही." हसता हसता तुला खोकला आला, बोटाच्या चिमट्यावरचा ऑक्सिजनचा आकडा खाली गेला, मी घाबरून तुझी पाठ चोळत राहिलो आणि तू तरीही हसत होतीस. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तू ही गोष्ट विल्सनरावांना सांगितलीस. मी स्वयंपाकघरात होतो. तुम्ही दोघं किती वेळ हसत होता. मला राग आला तो माझ्या फजितीचा नव्हता. ती गोष्ट आपल्या दोघांची होती, आणि तू ती वाटून टाकलीस. पण एक सांगू का, ती पिशवी तू उशाशी ठेवून घेतलीस आणि कुणाला हात लावू दिला नाहीस, हेही मला दिसत होतं. ते मी तेव्हा हिशेबात धरलं नाही, कारण मला रागावायचं होतं. राग धरायला फार बळ लागत नाही.

शेवटच्या दिवसांत एकदा दुपारी, विल्सनराव नसताना, तू मला यानाचं काहीतरी सांगत होतीस. म्हणालीस, ते इतकं लांब आहे की इथून काही विचारलं तर निरोप पोचायला आणि उत्तर यायला मिनिटांमागून मिनिटं जातात, तोवर त्याला स्वतःच्या अकलेनं चालावं लागतं. मग जरा थांबलीस, दम घेतलास आणि म्हणालीस, "तुम्ही श्रीगोंद्याला असताना माझं असंच होतं. या शनिवारी विचारलं की उत्तर पुढच्या शनिवारी. मधले दिवस माझी मी चालायचे." मला काहीतरी म्हणायचं होतं, की मलाही तिथं कारखान्याच्या खोलीत जेवण जायचं नाही, की मीही शनिवारची वाट बघायचो. मी म्हटलं, "गोळी घेतलीस का?" हेच आपलं नेहमीचं. तू गोळी घेतलीस. त्याबद्दल, आणि त्या सगळ्या मधल्या दिवसांत तू एकटीनं घर चालवलंस त्याबद्दल, मी तुझे उपकार मानतो. तोंडावर कधी म्हटलं नाही.

इथपर्यंत लिहिलं आणि दारावर थाप पडली. विल्सनराव होते. कालचाच पांढरा शर्ट, आता चुरगळलेला. हातात मोबाईल. म्हणाले, "भाऊ, आला. पयला फोटो आला. दगड दिसला यानाला."

मी म्हटलं, "मग सांगा की तिला. तुम्हालाच सांगून गेलीय."

ते तुझ्या फोटोपुढं जाऊन उभे राहिले. मोबाईल फोटोसमोर धरला. मग माझ्याकडे वळले. "माझ्या तोंडून निघंना भाऊ. तुमी सांगा."

"मी का? माझ्यावर तिनं सोपवलं नव्हतं."

"तुमच्यावर कसं सोपवनार? तुमी लगेच म्हनला असता, त्यात काय एवढं. मग बाई तुमच्याशी भांडल्या असत्या. आन तेवढा दम कुठं राहिला हुता त्यांच्यात?"

मी खुर्ची पुढं सरकवली. ते बसले. चष्मा पुसत म्हणाले, "तुमाला वाटतं आमी लई बोलायचो. बोलायचो, खरं हाय. पन माझ्याशी त्या एकदाबी भांडल्या न्हाईत. मी काय म्हनलं की म्हनायच्या, व्हय विल्सनराव. तुमचं दोघांचं सुरू झालं की मी उठून जायचो. मला वाटायचं, हितं आपलं काय काम. घरी जाऊन मंग लई सुनंसुनं वाटायचं. मेरी गेल्यापासून माझ्याशी कुनी भांडलं न्हाई."

सुजाता, मला आनंद झाला. एखाद्या म्हाताऱ्याचं दुःख ऐकून असा आनंद होऊ नये हे मला कळतं, पण झाला. इतके दिवस मी ज्याच्यावर जळत होतो तो माझ्यावर जळत होता, आणि त्याला जे मिळालं नाही ते मला कपडे वाळत घालताना आणि अंघोळीच्या दारातसुद्धा मिळत होतं. मी उठून चहा टाकला. साखर घालून. दोघांनी प्यायला. त्यांनी नानकटाई आणली नव्हती, मलाच चुकल्यासारखं झालं.

मग त्यांनी मोबाईल माझ्या हातात दिला. मी चष्मा लावून बघितलं. काळं सगळं, आणि त्यात एक पांढरा ठिपका. जरा मोठं केलं तर ठिपका पसरला, पण ठिपकाच राहिला. त्याच्या आजूबाजूला तसेच आणखी ठिपके, ते म्हणे तारे. यासाठी तू एवढी वाट बघितलीस. माझ्यातला कारखान्याचा माणूस लगेच जागा झाला. मी म्हटलं, "विल्सनराव, याला पोचणं म्हणत नाहीत. वेशीवरून देवळाचा कळस दिसला म्हणजे दर्शन झालं का? इतक्या लांबून ठिपका बघायचा आणि म्हणायचं पोचलो. हे चूक आहे."

बोललो आणि थांबलो. सवयीनं मान तुझ्या पलंगाकडे वळवली. आता उत्तर येणार, तू उशीवरून उठून बसणार, म्हणणार की दिसणं हीच मोठी गोष्ट असते, आणि मग आपलं जेवणापर्यंत चालणार. माझं पुढचं वाक्यही तयार होतं.

विल्सनरावांनी मोबाईल खिशात ठेवला आणि म्हणाले, "बरोबर हाय भाऊ."

तू गेलीस हे मला तेव्हा कळलं.